पंचविसावं व्हेरिएशन

रविवार, रात्री साडेअकरा

दादाकडून यायला उशीर झाला. झोप येत नाहीये, तेव्हा लिहून काढते.

वाद नेहमीचाच होता. पियानोवादक ग्लेन गुल्डनं बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, म्हणजे आरिया नावाची एक मूळ धून आणि तिची तीस बदलती रूपं, दोनदा रेकॉर्ड केली, 1955 च्या जूनमध्ये आणि 1981 मध्ये. दोन्ही वेळा जागा एकच, न्यूयॉर्कमधला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ, जो मुळात चर्च होता. पहिल्या वेळी गुल्ड 22 वर्षांचा, दुसऱ्या वेळी 48. दादा पहिलीच्या बाजूचा, मी दुसरीच्या. खालच्या मजल्यावरचे काका कधी इकडे, कधी तिकडे. वहिनीचं शिक्षण ख्यालाचं, त्यामुळे ती बहुतेक वेळा ऐकत बसते आणि तासाभरानं एकच काहीतरी विचारते.

आज काकांनी त्यांची जुनी एलपी आणली होती. तिचं कव्हर मी आजवर फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. हातात घेतल्यावर वेगळंच वाटलं. गुल्डचे तीस छोटे फोटो, ओळीनं मांडलेले. व्हेरिएशन्स तीस म्हणून फोटोही तीस. कुठे डोळे मिटून वाजवतोय, कुठे हवेत हात, कुठे नुसताच बसलाय. अंगानं बारीक, केस कपाळावर आलेले. जूनच्या उकाड्यात हा मुलगा कोट, मफलर आणि हातमोजे घालून स्टुडिओत आला होता, आणि वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली घडीची खुर्ची बरोबर घेऊन. वाजवण्याआधी हात वीस मिनिटं गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. कोलंबियानं हे सगळं वर्तमानपत्रांना आवर्जून कळवलं होतं. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच तो माणूस लोकांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

काकांचं म्हणणं, अशी चित्रं म्हणजे संगीताचा अपमान. तिथून ते आजच्या बाई पियानोवादकांवर आणि त्यांच्या कव्हरांवरच्या झग्यांवर घसरले. तेव्हा मी चिडले. 2011 साली युजा वांगनं लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये आखूड केशरी पोशाखात राखमानिनॉफ वाजवला आणि चर्चा वाजवण्यापेक्षा कपड्यांचीच जास्त झाली. गुल्डच्या मफलरला विक्षिप्त प्रतिभा म्हणायचं आणि तिच्या पोशाखाला उथळपणा, हे मला मान्य नाही. काकांना तसं सांगितलं. ते गप्प झाले, पण पटलं नसावं.

मग दादानं माझ्या आवडत्या रेकॉर्डवर मोर्चा वळवला. "तू 1981 ऐकतच नाहीस," तो म्हणाला, "तू त्याचा फोटो ऐकतेस."

हे मला लागलं. लागलं, कारण बाबा गेले त्या वर्षी मी दुसरं काही ऐकूच शकत नव्हते. रात्री आई झोपली की हेडफोन लावायचे आणि 1981 ची पहिली आरिया सुरू करायची. किती संथ. एकेक सूर ठेवून मग पुढचा, जणू कुणी घरातली भांडी आवाज न करता मांडतंय. ब्रुनो मोंसँजाँ या चित्रपटकारानं त्याच वेळी केलेलं चित्रणही मी पुनःपुन्हा बघायचे. मोठा चष्मा, वाकलेली पाठ, पट्ट्यांना जवळजवळ टेकलेलं नाक, तीच जुनी खुर्ची. रेकॉर्ड बाजारात आली 1982 च्या सप्टेंबरात आणि 4 ऑक्टोबरला गुल्ड गेला, नुकताच पन्नास पूर्ण करून. एवढं माहीत असल्यावर शेवटी तीच आरिया परत येते तेव्हा निरोपाशिवाय दुसरं काय ऐकू येणार? मी दादाला हेच सांगितलं. तरुणपणी माणूस धावतो, उतारवयात थांबायला शिकतो, 1955 ची रेकॉर्ड 38 मिनिटांची आणि 1981 ची 51, यातच सगळं आलं.

तेव्हा वहिनीनं तिचा प्रश्न विचारला. "या सगळ्यात सर्वात दुःखाची जागा कुठली?"

मी म्हटलं, पंचविसावं. जी मायनरमधलं. हार्पसिकॉर्ड वाजवणारी वांडा लांडोव्स्का त्याला काळा मोती म्हणायची.

"मग तेवढंच दोन्हीतलं लाव की."

दादाकडे 2002 साली सोनीनं काढलेला संच आहे, त्यात दोन्ही रेकॉर्डिंग आहेत. आधी 1955 चं लावलं. खोलीत कुणी बोललं नाही. प्रत्येक स्वर पुढच्या स्वरावर टेकून रडतोय असं वाटत होतं. वहिनी मांडीवर बोटानं मात्रा मोजत होती, मग तिनं मोजणं सोडलं. ते संपल्यावर 1981 चं. ते सरळ होतं, जास्त ताठ. दुःख होतं, पण बांधलेलं.

दादानं संच उलटा करून मागची बाजू माझ्यापुढे धरली. पहिलं साडेसहा मिनिटांच्या जवळ. दुसरं सहा मिनिटांच्या जरासंच वर. म्हणजे तीस फोटोंतला तो धावरा मुलगा इथे जास्त वेळ थांबला होता आणि माझा थकलेला, निरोप घेणारा माणूस लवकर पुढे निघून गेला होता.

अकरा वर्षं मी हे ऐकतेय. कव्हरची मागची बाजू कधी वाचलीच नव्हती.

पुढचं दादानं शांतपणे सांगितलं, जिंकल्याच्या सुरात अजिबात नाही, आणि त्याबद्दल मला त्याचं कौतुक वाटलं. 1955 मध्ये गुल्डनं कुठलाच भाग पुन्हा वाजवला नाही. 1981 मध्ये काही व्हेरिएशन्सचा, मुख्यतः कॅननचा (एकच सुरावट मागोमाग दुसऱ्या आवाजात येते त्यांचा), पूर्वार्ध परत घेतला. त्या तेरा मिनिटांच्या फरकातला बराच वेळ तिथे गेलाय. आरिया संथ झाली हे खरं, पण काही व्हेरिएशन्स दोन्हीकडे सारखीच सुसाट आहेत. त्याच संचात 1982 मधलं समीक्षक टिम पेजबरोबरचं गुल्डचं संभाषण आहे. तिथे तो स्वतःच्याच जुन्या पंचविसाव्यावर नाखूश आहे, त्याला ते शोपॅनच्या नॉक्टर्नसारखं, म्हणजे हळव्या रात्रगीतासारखं वाटतं. आता त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत आतून धावणारी एकच लय हवी होती, प्रत्येक व्हेरिएशन शेजारच्याशी हिशेबानं जोडलेलं. तीस तुकडे नकोत, एकच सलग इमारत. त्यात एका खोलीत बसून रडायला जागा नव्हती.

वहिनीला हे लगेच समजलं. "म्हणजे विलंबित आणि द्रुत वेगळं नाही, लय एकच, फक्त दुगुन-चौगुन बदलते." आणि मग म्हणाली, "पण दोन्हीत हा गातोय, ते ऐकलंस का?" गातोच तो. दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये पियानोच्या खालून त्याचं गुणगुणणं येतं. काकांना तो दोष वाटतो. वहिनीला वाटतं, बोटांना गळ्याचा आधार लागतोय, एवढंच.

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात केसरबाई होत्या. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', आणि ग्लेन गुल्डचा बाखही आहे, वेल टेम्पर्ड क्लॅव्हियरच्या दुसऱ्या भागातला पहिला प्रील्यूड आणि फ्यूग. दोघंही एकाच तबकडीवर. तिलाही कव्हर आहे. त्याच्यावर ना बाईंचा चेहरा, ना गुल्डचा. तबकडी कशी वाजवायची, सुई कुठे टेकवायची, याची आकृती आहे, आणि पल्सार नावाच्या स्पंदणाऱ्या ताऱ्यांच्या खुणांनी सूर्य कुठे आहे ते दाखवणारा नकाशा. ती ज्याला कधी सापडेल त्याला बाई केवढ्या मानी होत्या हे माहीत नसेल. गुल्डनं 1964 मध्ये जाहीर मैफली कायमच्या बंद केल्या, तो पन्नाशीत गेला, हेही नसेल. भैरवी आणि फ्यूग, एवढंच त्याच्या हाती लागेल. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा मला त्याचा थोडा हेवा वाटला, आणि लगेच त्याची कीवही आली. बाबा गेल्यानंतरच्या त्या रात्री मी 1981 च्या आरियात जे ऐकलं ते त्याला कधीच ऐकू येणार नाही. ते खोटं होतं असं म्हणायला मी तयार नाही. दादानं म्हटलं तरी नाही. फक्त ते गुल्डचं एकट्याचं नव्हतं. एप्रिल-मे 1981 मध्ये त्या बुटक्या खुर्चीवर बसला तेव्हा आपण लवकरच जाणार आहोत हे त्याला कुठे माहीत होतं?

निघताना दादानं तो संच माझ्या पिशवीत घातला. आता दिवा मालवलाय, हे मोबाइलच्या उजेडात लिहितेय. 1955 चं पंचविसावं लावलंय. साडेतीन मिनिटं झालीत. खालून तो गातोय, अगदी हळू, आणि अजून बरंच बाकी आहे.