बेरीज जुळत होती

ऑडिट फर्ममध्ये नव्या माणसाला जी कामं देतात ती काही फार डोकं लढवायची नसतात. व्हाउचर आणि नोंद ताडून बघा, टिक मारा, बेरजा तपासा, बँकेचं रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा उतारा आणि वही यांचा मेळ, करा. शिवाय वर्षअखेरीच्या ऑडिटमध्ये ज्या ग्राहकांकडून पैसे येणं आहेत त्यांना पत्रं पाठवा : ‘अमुक कंपनीच्या वहीत तुमच्या नावावर इतकी बाकी दिसते, बरोबर आहे का कळवा.’ याला सगळे ‘कन्फर्मेशन’ म्हणतात. पत्ते तपासायचे, पाकिटं चिकटवायची, उत्तर आलं नाही तर फोन करून मागे लागायचं. माझ्याबरोबर लागलेली मुलं यावर वैतागायची. एवढं अकाउंट्स शिकलो ते पाकिटं चिकटवायला?

वैताग खरा होता, पण हे काम उगाच कोणी काढलेलं नाही. १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा बाहेर आला. ८ कोटी ७० लाख डॉलरच्या मालमत्तेतला जवळपास १ कोटी ९० लाखांचा माल आणि येणी मुळात नव्हतीच. ऑडिटरांनी कागद तपासले होते आणि कागद चोख होते. गोदामात जाऊन माल मात्र कोणी पाहिला नव्हता, ग्राहकांना कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर तिथे मालमोजणीला हजर राहणं आणि ग्राहकांकडून थेट खात्री करून घेणं हे ऑडिटचं नेहमीचं काम झालं. थेट म्हणजे पत्र आम्ही टाकायचं आणि उत्तरही आमच्याच पत्त्यावर यायचं. मध्ये कंपनीच्या माणसाचा हात लागता कामा नये.

ज्या कंपनीची ही गोष्ट आहे ती घाऊक विक्री करणारी, मध्यम आकाराची. तिथे वसुलीचा विभाग एक जुने अकाउंटंट सांभाळायचे. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही. ते मला ‘ऑडिटर साहेब’ म्हणायचे, थोडं थट्टेनं, कारण मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. मागायच्या आधी फाइल समोर. व्हाउचर तारखेप्रमाणे लावलेली, पंच केलेल्या भोकांची ओळसुद्धा सरळ. फरक निघाला आणि त्याला ९ ने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून आधी तेच शोधायचं, ५४ च्या जागी ४५ पडलेत का बघायचं, ही युक्ती मला पुस्तकाने नाही, त्यांनी दिली. अकाउंट्स त्यांच्या हाडात होतं, हे आजही म्हणेन.

“काका, तुम्ही सुट्टी कधी घेता?” असं मी एकदा विचारलं होतं.

“मी गेलो तर हे सगळं बघणार कोण?” ते म्हणाले. साहेब लोक त्यांचं कौतुक करायचे : वर्षानुवर्षं एक रजा नाही. अनेक बँकांमध्ये पैशाशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षातून सलग काही दिवस सक्तीने रजेवर पाठवतात, ते त्याच्या तब्येतीच्या काळजीपोटी नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कन्फर्मेशनची उत्तरं यायला लागली. बहुतेक जुळली. एका ग्राहकाचं जुळलं नाही. आमच्या पत्रात बाकी होती ३८,०००. त्यांनी लिहिलं होतं, बाकी शून्य. ४६,३०० चा चेक दिला, तो वर्षाच्या शेवटच्या महिन्यात ५ तारखेला वटला. सोबत त्यांच्या बँकेच्या खातेउताऱ्याची झेरॉक्स. वहीत मात्र ५ तारखेला त्यांच्या नावावर जमा होते फक्त ८,३००.

काकांना विचारलं. त्यांनी खातं उघडून दाखवलं. “अहो साहेब, आधी थोडे दिले त्यांनी, उरलेले पुढच्या महिन्यात. हे बघा, ९ तारखेला ३८,००० जमा. त्यांच्या अकाउंटंटनं घोळ घातलाय.”

आणि खरोखर ९ तारखेला ३८,००० जमा होते. असे फरक ऑडिटमध्ये रोज निघतात. चेक वाटेत असतो, कोणी तारीख चुकवतं, कोणी दुसऱ्याच बिलापोटी पैसे लावतं. वर्षअखेरीनंतर वसुली झालेली दिसली की बाकी खरी होती असं धरून पुढे जायची पद्धतही आहे. त्या पद्धतीने बघितलं तर हा मुद्दा तिथेच मिटत होता. फक्त ती झेरॉक्स मिटत नव्हती. ५ तारखेला ४६,३०० वटले असतील तर ते त्याच दिवशी आमच्या क्लायंटच्या बँकेत पडले असणार. मग वहीत ते ५ तारखेलाच कुठेतरी दिसायला हवेत.

त्या दिवशीचा बँकेतला भरणा ६१,३००. वहीतली त्या दिवशीची एकूण वसुली ६१,३००. तंतोतंत.

मॅडमना, म्हणजे माझ्या सीनियरना, दाखवलं. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, “बेरीज सोड. नावं वाच. भरण्याच्या स्लिपा कुठायत?”

फाइलमध्ये स्लिपांच्या ऑफिस प्रती होत्या, शिक्क्यासकट. पण त्यांच्यावर चेकचा तपशील नव्हता, फक्त एकूण रक्कम. बँकेकडे राहणाऱ्या भागावर मात्र प्रत्येक चेकचा नंबर आणि रक्कम लिहावी लागते. मॅडमनी क्लायंटकडून बँकेच्या नावाने पत्र घेतलं आणि एका तारखेची नव्हे, वर्षअखेरीच्या आगेमागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागवल्या. कारण विचारलं तर ‘नमुना तपासणी’ एवढंच सांगितलं.

बँकेचं पाकीट आलं तो दिवस मला अजून तपशिलानं आठवतो. मीटिंग रूमच्या टेबलावर डावीकडे बँकेच्या स्लिपा, उजवीकडे खतावणीचे, म्हणजे ग्राहकवार खात्यांच्या वहीचे, प्रिंटआउट. ५ तारीख काढली. स्लिपवर दोन चेक : ४६,३०० आणि १५,०००. वहीत तीन नोंदी. पहिल्या ग्राहकाला ३८,०००, पत्र लिहिणाऱ्या ग्राहकाला ८,३००, तिसऱ्याला १५,०००. दोन्हीकडे ६१,३००. म्हणजे दुसऱ्याच्या चेकमधले ३८,००० पहिल्याच्या खात्यात टाकले होते. मग पहिल्याचे स्वतःचे पैसे गेले कुठे? त्याला मॅडमनी फोन लावला. त्याच्या पत्राचं उत्तर ‘बरोबर आहे’ असं आलेलं होतं, म्हणून आमच्या दृष्टीने तो विषय संपलेला होता. त्याने सांगितलं, पैसे केव्हाच रोख दिलेत, सहीची पावती आहे. पावतीवरची तारीख जवळपास महिनाभर आधीची. ती रोकड बँकेत कधी पोचलीच नव्हती.

आता ९ तारीख. दुसऱ्याच्या खात्यात जमा दाखवलेले ३८,००० कोणाचे? स्लिपवर चौथ्याच एका ग्राहकाचा चेक. त्याचं खातं केव्हा भरलं? आणखी पुढे, पाचव्याच्या पैशातून. मी पेन्सिलीने बाण काढत गेलो आणि दुपारपर्यंत कागद बाणांनी भरला. इंग्रजीत या प्रकाराला लॅपिंग म्हणतात. एकाची रोकड खिशात घालायची, ते भोक दुसऱ्याच्या पैशाने बुजवायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. भोक बुजत नाही, फक्त पुढच्या नावावर सरकतं. आणि ते सरकवत ठेवायला माणूस रोज टेबलावर हजर लागतो. एक दिवस दुसरं कोणी वसुली नोंदवायला बसलं की चेक ज्याचा त्याच्या खात्यात जाणार आणि साखळी तुटणार.

परीक्षेसाठी आम्ही सगळ्यांनीच एक प्रश्न घोकलेला असतो : तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाक्यांचा तक्ता, जुळूनही कोणत्या चुका लपून राहतात? नोंदच न करणं, रक्कम बरोबर पण खातं भलतंच, तत्त्वाची चूक, एकमेकींना खाऊन टाकणाऱ्या चुका. चार-पाच मार्कांचा प्रश्न. त्यातली दुसरी ओळ माझ्यासमोर टेबलावर पसरलेली होती, फक्त ती चूक नव्हती. द्विनोंदी पद्धत जमा आणि नावे सारखे आहेत एवढीच हमी देते. पैसे कोणाचे होते हे ती सांगत नाही, आणि काकांना हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं.

मला वाटलं आता मॅडम काकांना बोलावतील. त्यांनी उलट दार लावून घेतलं.

“आपण पोलीस नाही,” त्या म्हणाल्या. “नोटमध्ये ‘अपहार’ हा शब्द येणार नाही, ‘चोरी’ तर नाहीच. तारीख, स्लिप नंबर, चेक नंबर, रक्कम, वहीत कोणाच्या नावावर. एवढंच. वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळेल.”

मी विचारलं, फायनान्स हेडना आत्ता सांगायचं का?

“वसुलीच्या रोजच्या तक्त्यावर सही कोणाची असते?”

त्यांचीच. न बघता सही केली की बघून, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून नोट त्यांच्या डोक्यावरून थेट संचालकांकडे जाणार होती. पंधरा वर्षं ऑडिट केलेल्या माणसाला हे सुचतं. मला सुचलं नसतं. संध्याकाळपर्यंत नोट तयार झाली. दीड पान, एकही विशेषण नाही. पुढे मी शेकडो नोटा लिहिल्या असतील, मापाला अजून तीच धरतो.

खरं कठीण होतं ते मधले दोन-तीन तास. कोणाला संशय येऊ नये म्हणून मला माझ्या नेहमीच्या जागेवर, काकांच्या शेजारच्या टेबलावर, जाऊन बसायचं होतं. “काही अडलंय का साहेब?” त्यांनी विचारलं. मी घसाऱ्याची फाइल मागितली. त्यांनी ती काढून दिली, आणि यंत्रांच्या एका नोंदीत दर चुकीचा लागलाय हेही स्वतःहून दाखवलं. ते बरोबर होतं.

संचालकांबरोबरच्या बैठकीला मी नव्हतो. नंतर मॅडमकडून कळलं की काकांनी फारसे आढेवेढे न घेता कबूल केलं. घरातल्या आजारपणासाठी एकदा घेतले होते, महिन्याभरात परत टाकणार होते. मग एकदा घेतलेले भरायला दुसऱ्यांदा. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन अभ्यासकाने १९५० च्या सुमारास अशा गुन्ह्यांत तुरुंगात गेलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांच्यापैकी अनेकांनी मनाशी हेच धरलं होतं की आपण चोरी करत नाही, उसने घेतोय. कोणाला सांगता न येणारी अडचण, संधी आणि मनाची समजूत, या तीन गोष्टी आज ऑडिटच्या अभ्यासक्रमात शिकवतात. काकांच्या बाबतीत पहिली आणि तिसरी त्यांची स्वतःची होती. संधी कंपनीने दिली होती. पैसे घेणं, बँकेत भरणं आणि वहीत नोंदवणं ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे, ग्राहकांना दरमहा खातेउतारा पाठवायचा तर तोही त्यांच्याच हातून. पुढच्या वर्षी ही कामं तीन माणसांत वाटलेली दिसली. आमच्या अहवालात ही शिफारस त्याआधीही दोनदा होती, जुनी फाइल चाळताना मला सापडली. तेव्हा व्यवस्थापनाचं उत्तर होतं, ‘कर्मचारी विश्वासू आहे.’

त्यानंतर माझा ओढा बदलला. कर, कन्सल्टिंग यांकडे जाणाऱ्या मित्रांपेक्षा मी इंटर्नल ऑडिटकडे वळलो, जिथे वर्षातून एकदा नव्हे तर बारा महिने असे प्रश्न विचारता येतात. २००२ मध्ये वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीचा कोट्यवधी डॉलरचा घोळ शोधला तोही इंटर्नल ऑडिटच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. रोजचा खर्च मालमत्ता म्हणून लिहिला होता. जमा-नावे तिथेही जुळतच होती.

नवे लोक मला विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर शिकू, कोणती परीक्षा देऊ. परीक्षा द्याच, तिच्याशिवाय दार उघडत नाही. सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलतं, जिथे लागाल तिथे महिन्याभरात शिकाल. पण पहिली दोन वर्षं जिथे कागद हाताखालून जातात अशा जागी काढा, पगार थोडा कमी असला तरी. व्हाउचर, स्लिपा, पावत्या, करार. तयार रिपोर्टवर काम सुरू करणाऱ्या माणसाला रिपोर्टच्या मागे काय असतं ते कळायला फार वेळ लागतो. काहींना शेवटपर्यंत कळत नाही आणि तरी ते वरच्या पदावर पोचतात, हेही आहेच.

आता मुलाखती मी घेतो. उमेदवाराला दोन कागद देतो : एका दिवसाच्या भरण्याची स्लिप आणि त्याच दिवसाची वसुलीची नोंद, रकमा बदललेल्या. काय दिसतं ते सांगा म्हणतो. बरेचजण दोन्ही बेरजा करून ‘जुळतंय सर’ म्हणतात. काहीजण नावं लावून बघतात आणि फरक दाखवतात, त्यांना आम्ही पुढच्या फेरीला बोलावतो. गेल्या खेपेला एका मुलीने पेन उचललंच नाही. स्लिप उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “सर, ही प्रत बँकेकडून आलीय की कंपनीच्या फाइलमधली आहे?” पुढची फेरी घेतली नाही. कधीपासून येऊ शकाल, तेवढं विचारलं.