सकाळी लाँगोनॉट, दुपारी हेल्स गेट

फाइलवर एवढीच ओळ होती: ‘सकाळी लाँगोनॉट, दुपारी हेल्स गेट, मुक्काम नैरोबी.’ पुण्याचे 11 जण, तारीख एप्रिलमधली. ग्रुपच्या म्होरक्याचा निरोप, "राजगड-तोरणा एका दिवसात मारणारी मंडळी आहेत, काळजी नको." केनियात ग्रुपच्या सहली आखायचं माझं काम, त्यामुळे असे निरोप नवे नाहीत. मला काळजी पायांची नव्हती, घड्याळाची होती.

हॉटेलचा नाश्ता आटोपून नैरोबीहून 8 ला निघालं की लाँगोनॉट या ज्वालामुखी डोंगराच्या गेटवर 10 वाजतात. गेट ते क्रेटरचा, म्हणजे ज्वालामुखीच्या मुखाचा, काठ 3.1 किमी, काठावरची पूर्ण फेरी 7.2 किमी, मग आल्या वाटेने खाली. फोटो धरून पाच तास. म्हणजे उतरेपर्यंत 3, आणि हेल्स गेट या राष्ट्रीय उद्यानाच्या एल्सा गेटवर 4. उद्यान 6 ला बंद होतं. तिथून आतल्या ओल न्जोरोवा या अरुंद घळीपर्यंतची सायकलची जा-ये म्हटली तरी दोन तास खाते. घळीत उतरायचं कधी?

त्यातून एप्रिल. मार्च ते मे हा इथला मोठा पाऊस, आणि तो बहुधा दुपारनंतर धरतो. म्हणून फाइल उलटी केली: पहिल्या दिवशी सकाळी हेल्स गेट, मुक्काम जवळच्या नैवाशा गावात, दुसऱ्या दिवशी पहाटे लाँगोनॉट. एक रात्र वाढली म्हणून कुरकुर झाली, ती ऐकून घेतली.

नैरोबी ते नैवाशा साधारण 90 किमी. 5:30 ला निघालो तर 8 ला एल्सा गेट, असा हिशेब होता. खालचा रस्ता घेतला ही माझी चूक. माई माहिऊच्या उतारावर एक ट्रक आडवा झाला होता आणि मागे रांग लागली. वरचा, किनुंगीकडून जाणारा रस्ता घेतला असता तर दीड तास वाचला असता.

गेटवर आणखी अर्धा तास गेला. प्रवेशशुल्क रोख घेत नाहीत, सरकारी पोर्टलवर आधी भरावं लागतं. ते भरलं होतं, पण ग्रुपमधल्या एकाच्या, नैरोबीत नोकरी करणाऱ्या भाच्याचं तिकीट घरच्यांनी ‘नागरिक’ या दरात काढलं होतं. तो नुसता रहिवासी. मूळ ओळखपत्र दाखवून फरक भरला तेव्हा सुटला. शिवाय 2020 पासून केनियातल्या राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या चालत नाहीत. वाटेत घेतलेल्या दोन डझन बाटल्या गाडीतून उतरवाव्या लागल्या. स्टीलच्या बाटल्या आणा असं पत्रात लिहिलं होतं, पण पत्र वाचतो कोण!

सायकली गेटजवळ भाड्याने मिळतात. घेताना पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलून बघायची, सीटचा नट हाताने फिरतोय का ते पाहायचं. आमच्या 12 पैकी 3 बदलून घेतल्या. जाताना वाट बरीचशी उताराची असल्याने सगळे खूश असतात. परतीचा चढ आणि धूळ तेव्हा कुणाच्या डोक्यात नसते. फिशर्स टॉवर लागला तशा सायकली आडव्या पडल्या. ज्वालामुखीच्या नळीत लाव्हा थिजला, भोवतीची मऊ राख झिजून गेली आणि हा सुळका उरला.

घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा 12 वाजून गेले होते. ओल न्जोरोवा म्हणजे आपल्या ट्रेकवाल्यांच्या भाषेत नाळच, पण कातळातली नव्हे. आपल्या काळ्या पाषाणात पाय धरतो, धरायला खाच मिळते. इथल्या भिंती घट्ट झालेल्या राखेच्या, पाण्याने साबणासारख्या गुळगुळीत केलेल्या. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. मधूनच भिंतीतून कढत पाणी झिरपतं, हात लावायचा नाही.

डोक्यावर निळं आभाळ. वीसेक मिनिटं आत गेलो असू. वाटाड्याने थांबून पायाशी बोट दाखवलं. घोट्याएवढा ओघळ होता, आतापर्यंत तळची वाळू दिसत होती. आता पाणी चहासारखं झालं होतं आणि त्यावर गवताच्या काड्या तरंगत होत्या. मग त्याने वर दाखवलं. माझ्या डोक्याच्या हातभर वर, भिंतीच्या खाचेत, काटक्यांची जुडी अडकलेली. मागच्या पुराची खूण. "माघारी," एवढंच तो म्हणाला.

"ऊन पडलंय की!" म्होरक्या अडून बसला. ऊन इथे पडलंय, पाऊस कित्येक किलोमीटर वर पडतोय आणि त्या सगळ्या उताराचं पाणी याच फटीतून जाणार. बाहेर पडायच्या जागा मोजक्या. याच घळीत 2012 च्या एप्रिलमध्ये 7 जण वाहून गेले, 2019 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा 7. हे सांगितल्यावर कुणी वाद घातला नाही. वर येऊन डबे उघडले. थेपले संपायच्या आत खालून आवाज आला. मघाशी उभे होतो तिथे गुडघ्याच्या वर गढूळ पाणी धावत होतं.

परतीत ऑब्सिडियनचे तुकडे दिसले. काळी काच, कडेला ब्लेडची धार. एकाने खिशात टाकला, तो परत ठेवायला लावला.

दुसऱ्या दिवशी 6 ला लाँगोनॉट. गेटच 2,150 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा 500 मीटर वर, त्यामुळे पहिल्या चढालाच दम लागला. डोंगरावर पाणी कुठेच नाही, माणशी 3 लिटर लागतंच. काठापर्यंत सगळे दीड तासात पोचले. फेरीत किलेले न्गामिया या 2,776 मीटरच्या टोकाच्या अलीकडे मात्र निव्वळ घसारा: राख आणि प्यूमिस (ज्वालामुखीतला हलका, सच्छिद्र दगड), एक पाऊल वर तर अर्धं मागे. ज्यांनी बुटांवर गेटर, म्हणजे खडे आत जाऊ न देणारी कापडी आवरणं, चढवले होते ते चालत राहिले, बाकीचे दर दहा मिनिटांनी बूट झटकत बसले. सावली नाही. 11:40 ला सगळे गेटवर होते.

गाडीत बसल्यावर मी पिवळी कार्डं पुन्हा तपासली. केनियाहून भारतात उतरताना यलो फीव्हरच्या लशीचा दाखला नसेल, तर 6 दिवसांपर्यंत अलग ठेवतात, आणि लस टोचल्यावर दहाव्या दिवसापासूनच दाखला ग्राह्य धरतात. अकराच्या अकरा कार्डं होती. एकावरची तारीख निघण्याच्या चारच दिवस आधीची, पण परतीपर्यंत 12 दिवस भरत होते.