बासष्ट सेंटिमीटर

कोअर म्हणजे ड्रिलिंग करून जमिनीतून काढलेला खडकाचा दंडगोल. त्याची पेटी उघडली की माझी नजर आधी लाकडी ठोकळ्यांवर जाते. बॅरलमधून, म्हणजे ड्रिलच्या टोकाच्या नळीतून निघालेला खडक पेटीत ओळीने लावायचा आणि जिथला तुकडा हाती लागला नाही तिथे तेवढ्याच लांबीचा ठोकळा ठेवायचा, हा साधा नियम. त्या सकाळी ४३.५० ते ४५.०० मीटरच्या रनमध्ये, म्हणजे बॅरलच्या त्या एका खेपेत, एकही ठोकळा नव्हता. तुकडे एकमेकांना भिडवून छान रांगेत लावले होते. टेप लावली तर ८८ सेंटिमीटर. दीड मीटरमधले ६२ सेंटिमीटर गेले कुठे, याची नोंदच नाही.

जागा मुंबईच्या पूर्व उपनगरातली, भूमिगत बोगद्याच्या आखणीवरची. बोगदा साधारण याच खोलीवरून जाणार होता. मे महिन्याचे शेवटचे दिवस, पावसाआधी बोअर (तपासणीचं छिद्र) संपवायची घाई आणि रात्रपाळीत ड्रिलिंग. पोरांनी पेटी 'नीटनेटकी' केली, कारण साहेब फोटो बघतात आणि फोटोत भरलेली पेटी चांगली दिसते. मी त्यांना दोष देत नाही. ऑफिसात कोअरकडे पाहणारी माणसं कमी झाली आहेत. सगळ्यांना हवा असतो तो एक्सेलमधला आरक्यूडी, म्हणजे १० सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची लांबी. या रनचा आला १८ टक्के. 'अतिनिकृष्ट खडक' असं लिहून पुढची पेटी उघडता आली असती.

मी ड्रिलर मामांना गाठलं. ते झोपायला निघाले होते.

"मामा, चव्वेचाळीसच्या आसपास काय झालं?"

"रॉड पडला ना मॅडम. ४३.९२ ला. हातभर आपसूक खाली गेला, तेव्हाच पाणी परत यायचं थांबलं. पंचेचाळीसच्या पुढं पुन्हा आलं."

"लिहिलं का नाहीत?"

"त्याला रकाना कुठाय?"

खरंच नव्हता. तीस वर्षं मशीनच्या लिव्हरवर हात ठेवून जमिनीच्या आत काय आहे ते ओळखणाऱ्या माणसाला आपण दिलेल्या फॉर्मात तारीख, खोली आणि सही एवढंच. रॉड पडतो आणि ड्रिलिंगला खाली सोडलेलं पाणी वर न येता गायब होतं म्हणजे तिथे खडक नव्हता, चिखल होता. ड्रिलिंगच्या पाण्याने तो धुऊन नेला. पेटीतून जे हरवतं तेच अनेकदा बोगद्यात अंगावर येतं.

मग मी आखणीवरच्या तिन्ही बोअरचे लॉग, म्हणजे खोलीनुसार खडकाच्या नोंदी, जमिनीवर पसरले. दोन लाव्हा थरांच्या मधला गेरूसारखा लाल थर आमच्या कामात फार उपयोगी, कारण तो सगळीकडे ओळखू येतो. पूर्वेकडून पहिल्या बोअरमध्ये तो १३ मीटरवर होता, पन्नास मीटर पश्चिमेला दुसऱ्यात २२ वर, आणि आणखी पन्नास मीटरवर या तिसऱ्यात ३९ वर. जमीन जवळजवळ सपाट. कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात बेसाल्टचे थर आडवे, एकावर एक रचल्यासारखे दिसतात. मुंबईत तसं नाही. पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे वाकतात, त्यालाच पनवेल फ्लेक्शर म्हणतात, आणि मुंबईखालचे थर समुद्राकडे कललेले आहेत. सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटत असताना हा सगळा किनारा ताणला गेला, मोडला, खचला. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडंही खोल गेलेल्या भेगांतूनच वर येतात.

तेव्हा पन्नास मीटरमागे नऊ मीटर उतार, म्हणजे दहा अंशांचा कल, हे इथे स्वाभाविक होतं. पण पुढच्या पन्नास मीटरमध्ये सतरा? जास्तीचे आठ मीटर नुसत्या कलाने येत नाहीत. मधे कुठेतरी खडक तुटून पश्चिमेची बाजू खाली गेली होती, म्हणजे तिथे भ्रंश होता.

तिसऱ्याच्या शेजारी आणखी एक बोअर मागितलं तर उत्तर आलं, "दोन दिवस आणि खर्च, तेही एका रनसाठी?" मी ते तीन आकडे कागदावर काढून दाखवले आणि परवानगी मिळवली. बोअर दोन मीटर उत्तरेला घेतलं. भ्रंश पश्चिमेकडे उतरत असेल तर पूर्व-पश्चिम सरकून खोली बदलली असती, उत्तरेला ती जवळपास तीच राहणार. यावेळी ट्रिपल ट्यूब बॅरल, म्हणजे मऊ मातीही धरून ठेवणारं तीन नळ्यांचं बॅरल, पाणी कमी, रन अर्ध्या मीटरचे. मामांनी दिवसपाळी मागून घेतली. लिव्हरवरून त्यांचा हात हलत नव्हता.

आतली नळी उघडली तेव्हा त्यात हिरवट राखाडी, साबणासारखी चिकण माती आणि तिच्यात टोकदार खडे. खडक खडकावर घासून दळला की हे उरतं, आम्ही त्याला गाउज म्हणतो. उभ्या बोअरमध्ये त्याची लांबी भरली ५८ सेंटिमीटर, पण पट्टा सत्तर अंशांत उभा असल्याने खरी जाडी जेमतेम वीतभर. खालच्या तुकड्याच्या तिरप्या तोंडावर कॅल्साइटचा पातळ पापुद्रा होता आणि त्यावर उताराच्या दिशेने समांतर ओरखडे. बोट खाली सरकवलं तर गुळगुळीत, वर आणलं तर बारीक पायऱ्या अडतात. म्हणजे वरची बाजू खाली घसरली होती. मी मामांचा हात धरून त्यांचं बोट त्यावरून फिरवलं.

ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोयनेसारखं इथं पण व्हायचं का?" ते पाटणकडचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे त्यांच्या आईने धाकट्याला काखेत मारून घर सोडलं होतं. मी सांगितलं, कोयनेचे भ्रंश बेसाल्टच्याही खाली, ग्रॅनाइटी खडकात हलतात, वर धरणाच्या पाण्याचा भार आहे. हा इथला पट्टा फार जुना दिसतो, शेवटचा कधी सरकला हे एका बोअरवरून कळत नाही. आपली काळजी वेगळी आहे. यंत्राचं तोंड या चिखलात शिरलं की पाणी आणि माती एकदम आत येईल, आणि तिथे माणसं उभी असतील.

अहवालात मी 'भ्रंश' लिहिलं. मसुदा परत आला तेव्हा तिथे 'कमकुवत पट्टा' झालं होतं. भ्रंश म्हटलं की लोक भूकंप समजतात, बैठकीत प्रश्न येतात, असं कारण. कारण खोटं नाही, पण उपाय चुकीचा आहे. कमकुवत पट्टा म्हटलं की वाचणारा झिजलेला खडक समजतो, दोन-चार जास्त बोल्ट मारतो आणि पुढे जातो. भ्रंश म्हटलं तर तो कल विचारतो, दिशा विचारतो, पलीकडे खडक बदलेल का विचारतो. मी दोन दिवस भांडले. शेवटी मजकुरात त्यांचा शब्द राहिला आणि छेदचित्रात माझी तुटक रेघ, कलाच्या आकड्यासह. मी सही केली. करायला नको होती का, हे अजून ठरवता येत नाही. केली नसती तर रेघही गेली असती.

मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला, आता दुसऱ्या साइटवर आहेत.

"मॅडम, तो ४३.९२ लिहिला का?"

"लिहिला मामा. रॉड पडला, पाणी गेलं, सगळं."

"कुठं लिहिला?"

"परिशिष्टात. शेवटी."

"शेवटपर्यंत वाचतात ना?"

गाउजचा नमुना मेणात बुडवून ठेवला आहे, ओल जाऊ नये म्हणून. बोगद्याचं काम त्या खोलीवर पोचेल तेव्हा तो आणि छेदचित्र घेऊन मी स्वतः तिथल्या शिफ्ट इंजिनिअरकडे जाणार आहे. कोणी बोलावलेलं नाही.