खाली कोण असा?

पाडेली मिळत नाही ही तक्रार मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही पडवीत बसलात तरी कानावर येईल. नारळ वरच सुकतात, आपसूक पडतात, कौलं फुटतात, पण माडावर चढायला माणूस नाही. जुने पाडेली थकले, त्यांची पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला. ह्या तक्रारीवर ज्याचं घर चालतं असा मी एक माणूस.

मूळचा मी पाडेली नव्हे. पावसात आणि पाऊस सरल्यावर आंब्याच्या बागांत ग्रास कटर मारायचा, थंडीत फवारणीच्या पंपावर राबायचं, एप्रिल-मेमध्ये झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन हापूस काढायला जायचं आणि मधेच कुणी बोलावलं तर वुडकटर उचलून वाळलेलं झाड पाडून द्यायचं, असं माझं वर्ष जायचं. पगार नाही, पगारी सुट्टी तर नाहीच. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांनी ‘मुलगा काय करतो’ विचारलं की आई ‘बागेची कामं’ म्हणून विषय बदलायची.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि ज्याच्याकडे कटर आहे तो प्रत्येक जण रस्त्यावर आला. फणस, आंबे, माड, विजेचे खांब, सगळं एकमेकांत अडकून पडलेलं. लाइट नाही, नेटवर्क नाही, पेट्रोल मिळायची मारामार. एरवी आम्ही कटरवाले एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे. त्या आठवड्यात मात्र माझ्या कटरची चेन तुटली तर ज्याच्याशी मी वर्षभर बोलत नव्हतो त्याने न मागता आपली जादा चेन काढून दिली. ती परत मागितली नाही, हेही सांगायला हवं.

पण माडांपुढे आम्हा कटरवाल्यांचं काही चालेना. आडवा पडलेला माड कापणं सोपं. छपरावर कललेला, वायरीला टेकलेला, अर्ध्यात मोडून लोंबणारा माड बुडातून कापला तर घर घेऊनच खाली येतो. तिथे पाडेलीच लागतो. वर जाऊन झावळ्या उतरवायच्या, मग शेंडा, मग दोर बांधून खोडाचे तुकडे एकेक करून खाली सोडायचे. साठी उलटलेले एक पाडेली हे काम करत होते. सगळे त्यांना तात्या म्हणायचे, म्हणून मीही. मी खाली दोर धरून. संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले, ‘‘तुका उंचेची भीती नाय. मग माडार कित्याक चढनस नाय?’’

मला उत्तर सुचलं नाही. खरं कारण एवढंच की आमच्या घरात कुणी ते केलं नव्हतं, आणि ज्याच्या घरात नाही त्याने माडाला हात लावायचा नाही अशी एक समजूत असते.

पायात दोरीचा फास घालून चढायला माझं वय गेलं होतं. ती विद्या पोरवयात अंगात मुरावी लागते. मशीनचं तसं नाही. नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये केरळात ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाचं प्रशिक्षण सुरू केलं आणि पुढे ते इतर राज्यांतही आलं. सहा दिवस शिकवतात, राहणं-जेवण त्यांचंच आणि शेवटी चढायचं मशीन हातात देतात. कागद मोजकेच लागले: आधार, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला, फोटो, डॉक्टरचं पत्र. कागदांपेक्षा वेळ गेला आपल्या भागात पुरेशी माणसं जमायची वाट बघण्यात. एकट्यादुकट्यासाठी बॅच लागत नाही. शेवटी त्या चेनवाल्यानेच गावोगाव फोन करून नावं गोळा केली, त्यात स्वतःचंही घातलं.

मशीन म्हणजे एक डावा आणि एक उजवा, असे लोखंडी सांगाड्याचे दोन भाग. दोघांनाही पाय ठेवायला जागा, हाताला दांडा आणि खोडाभोवती फिरवून अडकवायची वायरची दोरी. वजन एका पायावर टाकलं की त्या बाजूची वायर खोडाला करकचून बसते, दुसरी सैल होते. सैल बाजू हाताने आणि पायाने एकदमच वर उचलायची, तिच्यावर उभं राहायचं, मग पहिली. जिना चढल्यासारखंच, फक्त पायऱ्या आपणच बरोबर न्यायच्या. पहिल्या दिवशी पुरुषभर उंचीवर वर-खाली करूनच मांड्या भरून आल्या. शिकवणारे सारखे ओरडत होते की हाताने ओढू नका, पायाने उचला. आमच्या बॅचमध्ये कुडाळकडच्या दोन बायका होत्या. त्यांना ते पहिल्याच दिवशी जमलं, कारण हाताच्या जोरावर चढायची खोड त्यांना नव्हती. आम्ही पुरुष दुसऱ्या दिवशीही दांड्याला लोंबकळतच होतो.

माडाच्या शेंड्यात काय बघायचं हेही तिथेच शिकलो, आणि माझ्या मते मशीनपेक्षा ते जास्त कामाचं. झावळी उलगडल्यावर पातींवर कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसलं की गेंड्या भुंगा आत शिरलेला असतो. त्याला तारेच्या हुकाने ओढून काढायचं आणि कोवळ्या झावळ्यांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर बारीक वाळू भरायची. सोंड्या भुंग्याचं प्रकरण वाईट. खोडातून तपकिरी चिकट पाणी ओघळतं, आणि खोडाला कान लावला तर आत अळ्या कुरतडत असल्याचा आवाज येतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. बाहेरून माड हिरवागार दिसत होता.

घरी आल्यावर खरी परीक्षा. मशीन शिकवतात ते सरळ, गुळगुळीत माडांवर. आमच्या खाडीकाठचे माड पाण्यावर वाकलेले, आणि जुन्यांवर चढायला पाडलेल्या खाचा. वाकड्या माडावर वायर एका अंगाला सरकते. वर खोड बारीक होत जातं, म्हणजे मधेच थांबून वायर आवळून घ्यावी लागते. पावसात खोडाला शेवाळ धरलं की मी मशीन लावतच नाही. शिवाय ते धूड स्कूटरला बांधून एका आगरातून, म्हणजे माडांच्या बागेतून, दुसऱ्या आगरात न्यायचं. माझा एक माड होईपर्यंत तात्यांचे तीन व्हायचे, आणि खाली उतरून ते विडी ओढत मला बघत बसायचे. पोरं मला ‘लिफ्टवालो’ म्हणायची. अजून म्हणतात.

पण मशीनवर उभं राहिलं की पाय टेकलेले, कंबरेला पट्टा आणि दोन्ही हात मोकळे. नारळ काढून झाल्यावरही शेंड्यात पाव तास निवांत काढता येतो. वाळलेल्या झावळ्या, जुन्या पोयींची, म्हणजे फुलोऱ्यांची, लाकडं, झावळीच्या बुडातली जाळी, उंदराने केलेली घाण, सगळं साफ करता येतं. माड महिन्याला साधारण एक झावळ काढतो आणि तिच्या बगलेत एक पोय. शेंडा कोंदला तर नव्या पोयीला जागाच राहत नाही. हे बागायतदाराला पटवून दिल्यावर नुसत्या पाडपाचे शंभर देणारा साफसफाईचे वेगळे द्यायला लागला. तात्या पाडायचे आणि ज्या माडाला काम आहे तो माझ्यासाठी ठेवायचे. अशी आमची जोडी जमली.

त्यांच्याकडून शिकलो ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. सगळ्यात आधी खोडावर हात ठेवून गाऱ्हाणं घालायचं. मी काही फार देवभक्त नाही, पण तेवढ्या वेळात नजर बुडापासून शेंड्यापर्यंत जाते आणि पोकळ, पिचलेला माड तिथेच कळतो. वर गेल्यावर घडाला हात घालण्याआधी कोयतीच्या पाठीने झावळीवर दोनदा ठोकायचं. गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर त्या उठतात आणि आपण अजून उतरू शकतो. कोयती कंबरेच्या आकडीतून काढली की ती हातात नाहीतर आकडीत, झावळीवर टेकवून ठेवायची नाही. आणि पहिला नारळ सोडण्याआधी ‘‘खाली कोण असा?’’ अशी हाळी द्यायची, उत्तर येईपर्यंत थांबायचं. खाली कुणी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असलं तरी. एकदा मी हाळी न देता घड तोडायला लागलो तर तात्या खालून म्हणाले, ‘‘झिला, माड तुका खावचो नाय, तू माका खाशीत.’’

विम्याचं मात्र तात्यांना पटवायला वेळ लागला. मंडळाची ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विमा योजना माड चढणाऱ्यांसाठी आहे. पूर्वी ती 5 लाखांची होती, नंतर 7 लाखांची झाली. हप्त्याचा मोठा भाग मंडळ भरतं, थोडा आपण. प्रशिक्षण घेतलेल्याचा पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता मंडळच भरतं, नंतर दरवर्षी आपण लक्षात ठेवून नूतनीकरण करायचं. तात्या म्हणायचे, पडलो तर मरणार, मेलेल्याला पैसे काय करायचे? त्यांच्या बायकोने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आधार कार्ड, पासबुक आणि तात्या, तिन्ही माझ्या पुढ्यात आणून उभे केले. मी एका रविवारी आमच्या सगळ्यांचे फॉर्म भरले. बहुतेकांची अडचण फोटोची. पाडेलीकडे पासपोर्ट साइजचा फोटो नसतो.

त्यानंतरच्या आगोटीला, पावसाच्या तोंडावर, तो चेनवाला पहिल्या सरीनंतर पायाच्या फासावर, मशीन न लावता, चढला आणि खाचेवरून घसरला. नशिबाने फार उंच नव्हता. मनगट मोडलं. एक्स-रे, डॉक्टरचा दाखला, बिलं असं एकेक गोळा करून दावा पाठवला. पण कागद आपल्या गतीने जातात आणि घरात गॅस संपतो आपल्या गतीने. शिवाय नारळी पौर्णिमा आणि मागोमाग गणपती, म्हणजे वर्षातली खरी कमाई तोंडावर.

त्याची आगरं आम्ही वाटून घेतली. सकाळी प्रत्येकाने आधी आपली बांधलेली घरं, म्हणजे नेहमीची गिऱ्हाइकं, करायची, दुपारनंतर त्याची. पैसे बागायतदाराने थेट त्याच्या बायकोच्या फोनवर टाकायचे, आमच्या हातात द्यायचेच नाहीत. ही अट तात्यांची. एका बागायतदाराने मला हळूच विचारलं की आता कायमचा तूच ये ना, तो जरा तोंडाळ आहे. तोंडाळ तो आहेच. मी म्हटलं, हाताचं प्लास्टर निघाल्यावर त्यालाच विचारा.

तेव्हापासून आमचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. कोण कुठल्या वाडीत आहे ते सकाळी टाकायचं, एकट्याने चढायचं असेल तर चढण्याआधी आणि उतरल्यावर अंगठा पाठवायचा. ज्याचं घर त्याचं घर. त्याला जमत नसेल तर तो सांगेल त्यानेच जायचं. दर सगळ्यांचा एकच, हे मात्र अजून नीट जमलेलं नाही. कुणी रोख घेतो, कुणी माडामागे दोन नारळ, आणि नारळाचा भाव चढला की नारळ घेणारे फायद्यात, बाकीचे कुरकुरतात. तात्या नारळवाले, मी रोखवाला. गेल्या महिन्यात ह्यावरून चांगलंच वाजलं आणि कुडाळच्या त्या दोघींपैकी एक, जी आता आमच्या ग्रुपमध्ये आहे, तिने लिहिलं की तुमचं ठरेपर्यंत आम्ही आमचा दर लावतो. तिचा दर आमच्यापेक्षा वीस रुपये जास्त आहे आणि तिला कामं कमी नाहीत. गणपतीआधी एकदा बसायचं ठरलंय, बहुतेक तिचाच दर सगळ्यांचा होईल.