चाळकेवाडीच्या वाऱ्यात तीन गाड्या

जुलैतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिघे आपापल्या मोटरसायकली घेऊन साताऱ्यात समर्थ मंदिरापाशी जमलो: मी, माझा मावसभाऊ आणि कऱ्हाडचा एक मित्र. ठोसेघरचा धबधबा कितीदा तरी पाहून झालाय. या वेळी त्याच्याही पुढे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर जायचं होतं ते वाऱ्यासाठी.

मित्राच्या ३५० सीसीच्या क्रूझरला बाजारातून घेतलेली, वारा अडवणारी मोठी काच बसवली होती, थेट हँडलला क्लॅम्प करून. ती लावल्यापासून त्याची एकच तक्रार, वाऱ्यात गाडी हातात राहत नाही. कोनसेट (हँडलचं बेअरिंग) बदलून झाला, टायर बदलून झाले, तरी फरक नाही. माझी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११. तिची काच आणि हेडलाइट दोन्ही फ्रेमला जोडलेले आहेत, हँडल वळवलं तरी ते जागचे हलत नाहीत. मावसभावाची २५० सीसीची, फुल फेअरिंगची, म्हणजे नाकापासून पोटापर्यंत आवरणाने झाकलेली. तिघांनी एकाच रस्त्यावर, एकाच वाऱ्यात गाड्या बदलून चालवायच्या, असं ठरवून निघालो होतो.

बोगदा ओलांडला, सज्जनगड फाटा मागे टाकला, घाट चढलो. इथपर्यंत डोंगराची आड असते, वारा फारसा लागत नाही. ठोसेघर गाव मागे पडलं की ही आड संपते. पठारावर पहिली पवनचक्की दिसली आणि त्याच वळणावर मित्राची गाडी हातभर डावीकडे सरकली. मी मागेच होतो, मला स्पष्ट दिसलं: आधी हँडल हललं, मग गाडी गेली.

पठारावर थांबून छोट्या वारामापकावर बघितलं. ताशी ३८-४० किलोमीटर, झोत आला की ५०च्या वर. वारा पश्चिमेचा, म्हणजे दक्षिणेकडे जाताना बरोबर उजव्या कुशीवर.

आता गाड्यांचं. हँडलला काच असलेल्या गाडीवर मी जेमतेम तीन किलोमीटर टिकलो. प्रत्येक झोत आधी काचेला लागतो, काच हँडलला ढकलते, हँडल तळहातात थरथरतं. आपण घाबरून मूठ आवळतो, उलटं जोर लावतो, तेवढ्यात झोत संपलेला असतो आणि आपलाच जोर गाडीला दुसरीकडे नेतो. तीच काच समोरच्या वाऱ्यात हायवेला उत्तम काम देते, छातीवर वारा येत नाही. पण कुशीवरच्या वाऱ्यात ती शीड होते, आणि ते शीड नेमकं सुकाणूलाच बांधलेलं असतं.

फुल फेअरिंगची गाडी अगदी वेगळी वागली. तिची बाजू मोठी, त्यामुळे वारा तिला जास्त सापडतो. अख्खी गाडी खांदा मारल्यासारखी सरकते. पण हँडल शांत राहतं, कारण जोर फ्रेमवर जातो. गाडी सरकतेय हे कळायला आणि सावरायला वेळ मिळतो. हिमालयन या दोघींच्या मधली. काच लहान, खालचा भाग उघडा, वारा आरपार जातो, शिवाय १९९ किलोचं वजन. तिच्यावर वारा मुख्यतः माझ्याच अंगाला लागत होता. रेनकोट फडफडायचा थांबवला तेव्हा तर ती निम्म्याने निवळली. सैल रेनकोट किंवा पोंचो घालून या पठारावर जाऊ नका.

हा फरक जुनाच आहे. रेसिंगमध्ये पुढचं चाकही झाकणारं ‘डस्टबिन’ फेअरिंग १९५७च्या मोसमानंतर बंद केलं गेलं, त्यात आडव्या वाऱ्यातली अस्थिरता हे एक मोठं कारण होतं. १९७६ला बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस आणली, तिचं फेअरिंग विंड टनेलमध्ये घडवलेलं आणि फ्रेमला जोडलेलं होतं. हार्ले आजही दोन्ही प्रकार विकते: स्ट्रीट ग्लाइडचं फेअरिंग हँडलसोबत वळतं, रोड ग्लाइडचं फ्रेमला स्थिर असतं. म्हणून काच घेताना ती किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे बोल्ट होते हे आधी विचारा.

वेगाचाही हिशेब करून बघितला. वारा ४० आणि गाडी ६०वर असेल तर अंगावर येणारा एकत्रित वारा साधारण ७२चा होतो. गाडी ४०वर आणली की तोच ५७. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६०ला तो ४०च्या दीडपटीहून जास्त. पण फार हळूही नको, वीस-पंचवीसला गाडीचं स्वतःचं स्थैर्य कमी पडतं. आम्हाला तिसऱ्या गियरमध्ये ४०-४५ सगळ्यात बरं वाटलं. गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं सैल सोडायची. उजवीकडून झोत आला की उजवी मूठ हलकेच पुढे ढकलायची, गाडी वाऱ्याकडे कलते आणि सरळ जाते.

वारा कुठून येतोय हे पवनचक्क्याच सांगतात. त्यांचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं. वळणापलीकडची चक्की दिसली की पुढे कोणत्या कुशीवर मार बसणार ते आधीच कळतं. धुकं असेल तर हा आधार जातो. तेव्हा वर न जाणंच बरं.

चहाच्या टपरीवरच्या मामांनी आम्हाला गाड्या लावताना बघून हाक दिली, “पाव्हणं, तशी लावू नका, वारा उचलंल.” मावसभाऊ “हो मामा” म्हणाला आणि तशीच ठेवून आत आला. चहा हातात येईपर्यंत गाडी उजव्या अंगावर आडवी. ब्रेकचा लिव्हर वाकला, फेअरिंगला लांब ओरखडा. साइड स्टँड डावीकडे असतो. डावीकडून वारा आला की तो गाडीला स्टँडवरून उचलतो. गाडी अशी लावा की वारा उजवीकडून येईल, स्टँडखाली पक्का कातळ असेल आणि पहिला गियर टाकलेला असेल. मामांनीच पक्कड दिली, लिव्हर बेताने सरळ केला.

परतताना मात्र जास्त जपा. जाताना उजवीकडचा वारा डाव्या कडेच्या चिखलात लोटतो. येताना तोच डावीकडून लागतो आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या पुढ्यात ढकलतो. एसटी बाजूने जाताना क्षणभर वारा तुटतो आणि पुन्हा आदळतो, तेव्हा आपल्या लेनच्या डाव्या भागातच राहा.

पठारावरून परत निघायच्या आधीच मित्राने दहाचा पाना मागितला. चार बोल्ट काढले, काच सॅकच्या पट्ट्यांनी मागच्या सीटवर आडवी बांधली. बोगद्यापर्यंत मी पुन्हा त्याच्या मागे होतो. त्याच वाऱ्यात हँडल एकदाही हललं नाही.