ठिपके इंकमुळे नव्हते, चिंधीमुळे होते

गणपतीच्या आधीचे तीन आठवडे आमच्या नारायण पेठेतल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या मंडळांना टी-शर्ट चतुर्थीच्या आत हवे असतात. या वर्षी एका मंडळाचे १२० काळे शर्ट होते, पाठीवर पांढऱ्यात मंडळाचं नाव. पहिले वीसेक मस्त निघाले आणि मग पांढऱ्या अक्षरांत बारीक काळे ठिपके यायला लागले.

मी धरून बसलो की इंक जाड झालीय. रिड्युसर (इंक पातळ करायचं द्रव) टाकला, मग अजून थोडा टाकला, ठिपके तसेच राहिले आणि वर अक्षरांच्या कडा पसरायला लागल्या ते वेगळंच. शेवटी दादाने दहा शर्ट जमिनीवर ओळीने मांडले आणि म्हणाला, "अरे बघ ना, सगळ्यांवर ठिपका एकाच जागी आहे." तिथे डोकं चाललं. ठिपका दर शर्टवर त्याच जागी असेल तर घाण स्क्रीनला, म्हणजे जिच्यातून इंक शर्टवर उतरते त्या ताणलेल्या जाळीच्या चौकटीला लागलीय, जागा बदलत असेल तर ती त्या त्या शर्टवरची. स्क्रीन उलटी करून मोबाईलचा टॉर्च मारला तर खालच्या बाजूने जाळीत कापसाचं तूस चिकटलेलं. तूस बसतं तिथून इंक उतरतच नाही, म्हणजे बिचाऱ्या इंकचा काही दोष नव्हता.

तूस शर्टवर असतंच, स्वस्तातल्या कार्डेड (आखूड तंतू तसेच राहिलेल्या) सुताच्या शर्टवर जास्त, कोम्ब्डवर (विंचरून ते काढलेल्या) कमी आणि बायोवॉश केलेल्यावर अजून कमी, कारण त्यात एन्झाइमने वरची लव काढून टाकलेली असते. पण आमच्याकडे खरा घोळ निघाला स्क्रीन पुसायच्या चिंध्यांमध्ये! जुन्या बनियनच्या चिंध्या आणि कॉटन वेस्ट, वर्षानुवर्षं तेच वापरत होतो, आणि प्रत्येक पुसण्याबरोबर आपणच जाळीत तंतू भरत होतो. आता आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीचे तुकडे वापरतो, त्याचं तूस सुटत नाही.

शर्ट हलू नये म्हणून टेबलला लावतो त्या गमकडे पण लक्ष द्या. पंचवीस-तीस शर्ट झाले की गमवर लवेचा थर बसतो, पकड जाते, शर्ट स्क्रीनबरोबर वर उचलला जातो आणि प्रिंट डबल दिसते. बरेच जण त्याच्यावरच अजून गम मारतात, तसं करू नका. पाण्यातला गम असेल तर ओल्या फडक्याने पुसला की परत चिकट होतो. शर्ट टेबलवर चढवला की चिकट रोलर एकदा फिरवायचा, पाच सेकंदांचं काम आहे. आणि छापताना टेबलाजवळचा पंखा बंद, उकडलं तरी बंद.

स्क्रीनवर उरलेली प्लास्टिसॉल (तापवल्यावरच पक्की होणारी इंक) परत डब्यात टाकता ना? ती हवेने वाळत नाही म्हणून टाकता येते, पण तिच्याबरोबर तूसही डब्यात जातं. मी आता जुन्या मोठ्या भोकांच्या जाळीच्या तुकड्यातून गाळून टाकतो. आणि डिसेंबरच्या सकाळी इंक दगडासारखी वाटली तरी लगेच रिड्युसर नको, आधी पाच मिनिटं नीट घोटा, घोटल्यावर ती आपोआप सैल होते. वॉटरबेस म्हणजे पाण्यातल्या इंकचं उलटं, एप्रिलच्या कोरड्या हवेत ती जाळीतच वाळते, त्यामुळे स्क्रीनवर इंकचा थर पसरून ठेवल्याशिवाय चहाला पण उठायचं नाही.

अजून एक, जे गिऱ्हाईकाला सांगून पटत नाही. दोन-तीन धुण्यांनंतर प्रिंट फिकी दिसते आणि लोक म्हणतात रंग गेला. इंक नीट शिजलीच नसेल तर ती खरंच जाते, प्लास्टिसॉलच्या अख्ख्या थराला साधारण १६० अंश सेल्सिअस मिळायला लागतं, प्रिंट ताणून बघा, तडे गेले तर कच्ची आहे. पण पुष्कळदा इंक जागेवरच असते, खालचे कापसाचे तंतू तिच्यातून वर आलेले असतात. काळ्या शर्टवर पांढरं करताना म्हणूनच मी पहिला थर मारतो, फ्लॅश करतो म्हणजे वरून थोडी उष्णता देऊन तो अर्धवट सुकवतो, टेफ्लॉन शीट ठेवून हीट प्रेसने हलकं दाबतो म्हणजे लव खाली बसते, आणि मग दुसरा थर. त्या मंडळाचे उरलेले शर्ट असेच काढले. आधीचे डाग पडलेले अकरा परत नवे छापून दिले, मंडळाने मागितले नव्हते तरी.