म्हसव्याच्या वडाला टेप लावायचा कुठे?

सातारा जिल्ह्यातला वैराटगड चढलो, उतरलो, पाय बोलायला लागले. गडाबद्दल एवढंच. खरा वेळ गेला तो पायथ्याच्या म्हसव्यात, वडाखाली. आमच्या मावसभावाने पिशवीतून टेप काढला आणि घोळ सुरू झाला.

झाडाचा घेर छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. कबूल. पण इथे घेर कुणाचा घ्यायचा? जिकडे बघावं तिकडे जमिनीत रुतलेल्या पारंब्या. काही मनगटाएवढ्या, काही कवेत न मावणाऱ्या. भाऊ त्यातल्याच एका जाडजूड खोडाला टेप गुंडाळत होता, तेवढ्यात शेळ्या राखणाऱ्या आजोबांनी लांबूनच हटकलं, "आवो पावणं, ती पारंबी हाय! मूळ बुंधा कवाच ग्येला." वर ठसक्यात, "एशियात दोन नंबर हाय आपलं झाड!" एक नंबर कुठला, असं विचारल्यावर मात्र ते शेळ्यांकडे बघायला लागले.

१८८२ सालच्या इंग्रजी नोंदीत या वडाची सावलीच मोजलेली आहे: दक्षिणोत्तर ५९५ फूट, पूर्व-पश्चिम ४४२, घेर १,५८७ फूट. वडाला हेच माप शोभतं. आंध्रातल्या तिम्मम्मा मर्रिमानू या वडाचं नाव १९८९ साली गिनीज बुकात गेलं, तेही विस्तारावरच. कोलकात्याजवळच्या हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचं किडलेलं मूळ खोड १९२५ मध्ये काढून टाकलं, तरी झाड वाढतंच आहे.

भावाचं समाधान होईना. अमेरिकेत 'चॅम्पियन' झाड ठरवताना खोडाचा घेर इंचांत, उंची फुटांत आणि फांद्यांच्या पसाऱ्याचा (फुटांत) फक्त पाव भाग धरून बेरीज करतात, ती पद्धत त्याने लावली. जुन्या मापांची सरासरी ५१८ फूट, म्हणजे पसाऱ्याचे गुण जेमतेम १३०. तेवढे तर अकरा फूट घेराचं कुठलंही खोड मिळवतं! एवढी सावली धरायची आणि पदरात पाव, हा कुठला न्याय?

आपल्याकडेही फार वेगळं नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'हेरिटेज' म्हणतात खरं, पण तो कायदाच नागरी भागाचा. खेड्यातल्या झाडांनी काय करायचं? आमच्या मिरजेजवळच्या भोशाचा जुना वड २०२० मध्ये राज्यभर गाजला, तो महामार्गाच्या आड आला म्हणून. लोक भांडले, रस्ता सरकला. २०२२ मध्ये वड आपणहून कोसळला.

तुम्ही जाणार असाल तर खुशाल जा, फक्त टेपवाला भाऊ घरी ठेवा. आमचं जेवण त्याच्यापायी चार वाजता झालं, तेही हायवेवरच्या धाब्यावर, गार भाकरीचं.